बद्रीनाथ मास्तरांचे पाच उमेदवार

"पत्र उघडलं गेलं," बद्रीनाथ मास्तर म्हणाले. "कडूबा, इंग्रजीत सांग."

"द लेटर वॉज ओपन्ड."

"कुणी उघडलं?"

कडूबाची कानशिलं तापली. मास्तरांच्या नावाचं एक पाकीट गेल्या शनिवारी चौकीत वाफेवर धरून उघडलं होतं, आणि धरणारा हात त्याचाच होता.

"ते वाक्यात नाही," मास्तरच पुढं म्हणाले. "या रचनेत करणाऱ्याचं नाव सांगावंच लागत नाही. परीक्षेत असली वाक्यं हमखास येतात. लिहून घ्या."

पाचही जण वह्यांवर वाकले.

शहागंजात एका अत्तरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत सकाळी सातला हा वर्ग भरे. निजामाच्या रेल्वेत कारकून घ्यायचे होते. चढाओढीची परीक्षा होती, आणि सगळं शिक्षण उर्दूतून झालेल्या पोरांची इंग्रजीच्या पेपरात दांडी उडायची. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. निजामाच्या सरहद्दीपलीकडं जाऊन एका सभेत त्याच्या सरकारविरुद्ध चार शब्द बोलले आणि नोकरी गेली. साल सत्तेचाळीस. कोण कुणाकडं जातं, कशासाठी जातं, याच्यावर तेव्हा बारीक नजर असायची.

कडूबा मूळचा पिशोरचा. पोलिसात कच्च्या नोकरीवर लागून त्याला वर्ष झालं होतं. साहेबांनी त्याला उमेदवार म्हणून वर्गात बसवलं होतं. शिकवणीच्या नावाखाली मास्तर काय शिकवतो ते रोज आणून द्यायचं, मग नोकरी पक्की.

पहिल्याच आठवड्यात त्यानं 'द ट्रेन विल लीव्ह ॲट सिक्स' हे वाक्य नेऊन दिलं. साहेबांनी सहाच्या गाडीवर चार शिपाई लावले. गाडी सहाला सुटली.

दोन महिने असेच गेले. बाकीच्या चौघांकडं बघून कडूबाचं मन त्याला खायचं. मुबारक तोंडाचा मोकळा. "मास्तर, जुम्म्याला वर्ग नाय ठेवत. कुठं जाता हो?" असं भर वर्गात विचारायचा. हा आपल्या तोंडानंच अडकेल, म्हणून कडूबानं त्याचं नाव चौकीत कधी घेतलं नाही. इलियास दाराशी बसायचा आणि जिना वाजला की मान वळवायचा. मास्तरांचा शब्द न् शब्द रामकिसन उतरवून घ्यायचा. आप्पासाहेबांनी तिशी ओलांडलेली. त्यांना 'इज' आणि 'वॉज'मधला फरक अजून कळला नव्हता, पण एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता. एवढ्या गरजू माणसांत आपण तेवढे खोटे, असं कडूबाला वाटे.

त्यात त्याला इंग्रजी येऊ लागलं. रस्त्यानं चालतानाही तोंडात क्रियापदं घोळायची.

"सारखं काय पुटपुटता?" बायकोनं, द्वारकाबाईनं, एकदा विचारलं.

"अभ्यास."

"तुम्हाला खरंच का परीक्षा द्यायचीय?"

जेवण अर्धं टाकून तो उठला.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा साहेबांनी त्याला बोलावून एक कागद पुढं सरकवला. उर्दूत सुबक अक्षरात लिहिलं होतं की बद्रीनाथ मास्तर वर्गात सरकारविरुद्ध चिथावणी देतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. खाली कडूबाचं नाव आणि सहीला मोकळी जागा.

"साहेब, ते असं कधी बोलले नाय."

"तुझसे पूछा क्या?" साहेब शांतपणे म्हणाले. "घरी ने, पाठ कर. कोर्टात हेच बोलायचंय. सोमवारी सही करून आण. नाय जमलं तर पिशोरला जाऊन ढोरं राख."

चार दिवस तो कागद कडूबाच्या सदऱ्याच्या खिशात होता. बसलं की टोचायचा, म्हणून घरी तो बसेना. वर्गातही त्या आठवड्यात कुणी धड बोलत नव्हतं. मुबारकसुद्धा मान खाली घालून असायचा. परीक्षेची धास्ती, असं कडूबानं धरलं. मास्तर मात्र नेहमीसारखे शब्द विचारत होते, चुकलं की फळ्याशी बोलावत होते.

"तुरुंगात घालतील का त्यांला?" त्यानं कागद वाचून दाखवला तेव्हा द्वारकाबाईनं विचारलं.

"व्हय."

"आन् त्यांनी तसं म्हटलं नाय?"

"नाय."

ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "ढोरं मला राखता येतात."

सोमवारी कडूबा सहालाच घरातून निघाला. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याला त्यानं तीन फेऱ्या मारल्या. एकदा चौकीच्या दिशेनं निम्म्या रस्त्यापर्यंत गेला आणि परत फिरला. मग तो जिना चढला.

मास्तर एकटेच होते. वह्या तपासत होते.

"मास्तर, मी उमेदवार नाय. पोलिसातला हाय. तुमच्यावर नजर ठेवायला मला बसवलं व्हतं." त्यानं कागद काढून मेजावर ठेवला. "यावर सही करायला सांगितलंय. मी करणार नाय."

मास्तरांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या. तुम्ही आजच सरहद्द ओलांडा, मास्तर. मी नाय तर दुसरा कुणी सही करंल. लई लोकं हायेत त्यांच्यापाशी."

"परीक्षेला दहा दिवस राहिलेत," मास्तर म्हणाले. "तेवढं तरी मला इथं थांबायला हवं."

"कुणासाठी थांबता?"

मास्तरांनी मेजाचा खण ओढला. आत हुबेहूब तसेच चार कागद होते. एकाखाली मुबारकचं नाव, एकाखाली इलियासचं, मग रामकिसनचं, आप्पासाहेबांचं. सही एकावरही नव्हती.

"तुझाच तेवढा यायचा राहिला होता," असं म्हणून त्यांनी पाचवा कागद त्यांच्यावर ठेवला.