प्रश्न क्रमांक अकरा

१९६३ साली एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मालवणजवळच्या एका गावात वयात आलेल्या मुलींच्या मुलाखती घेत होते. मला मालवणी थोडीफार कळायची, पण बोलता येत नव्हती, म्हणून शाळेतले एक मास्तर माझे प्रश्न मुलींना मालवणीत विचारायचे. ‘तुला कुणी त्रास देतं का?’ या अकराव्या प्रश्नाला सदतीसही मुली खाली बघत ‘नाही’ म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. एवढी पायपीट केली ती हे ऐकायला?

परतताना एसटीच्या थांब्यावर त्यांतलीच सुभद्रा कळशी घेऊन जाताना दिसली.

“एकीलाही खरं बोलवत नाही का गं तुम्हाला?” मी चिडून विचारलं.

तिने आधी मागे वळून पाहिलं.

“बाई, ज्येचां नाव सांगूचां होतां, तोच आमका इचारीत होतो.”