आठ सेकंद

"काका, हे निळे ठिपके तुमचे आणि केशरी भांडारातल्या बाईंचे," तपासणीसाठी आलेली मुलगी म्हणाली. "अकरा वर्षं, फाटकावर तुमच्या मागोमाग आठ-दहा सेकंदांत बाईंचं कार्ड. म्हणजे बाई आधीच सटकायच्या आणि त्यांचं कार्ड तुम्ही लावायचात. हो ना?"

आरेखक खुर्चीतून अर्धे उठलेच. स्वतःचं जाऊ दे, पण बाईंच्या नावाला बट्टा! कारखान्यातल्या चार हजार माणसांचं येणं-जाणं तिनं एका पडद्यावर मांडलं होतं. एकदा कार्ड टेकवलं की एक ठिपका. सगळी गर्दी राखाडी, आणि तिच्यातून हे दोन रंग खेटून चाललेले.

"छे हो! एकत्र निघायचो, एवढंच. तेही ठरवून नाही. मी फाटकाशी आलो की मागून आवाज यायचा, 'अय्या, तुम्हीही आत्ताच?' मग बसथांब्यापर्यंत गप्पा."

"रोज योगायोग?"

"रोज."

आराखड्यातली केसाएवढी चूक पकडणाऱ्या या माणसानं हा योगायोग अकरा वर्षं बिनतक्रार मान्य केला होता.

मुलीनं एक महिना मोठा करून दाखवला. "बाईंचं काम साडेपाचला संपायचं. पण तुम्ही आठला निघालात की त्या आठला. तुम्ही पावणेसातला, त्या पावणेसातला."

घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून आरेखक उशिरापर्यंत थांबायचे.

"आणि हे चार दिवस तुमचा ठिपकाच नाही."

"ताप होता मला."

"त्या चारही दिवशी बाई बरोब्बर साडेपाचला..." मुलगी बोलता बोलता थांबली. "म्हणजे कार्ड त्या स्वतःच लावत होत्या."

आरेखकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. भांडाराच्या खिडकीतून आपल्या टेबलावरचा दिवा दिसतो, हे त्यांच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

केशरी ठिपके मार्चअखेर संपत होते. बाई निवृत्त होऊन बहिणीच्या गावी गेल्या होत्या. तेव्हापासून आरेखक रोज कार्ड टेकवून एकदा मागे वळून बघत. बाईंची फार आठवण यायची. पडद्यावर त्यातलं काही दिसत नव्हतं.

"फसवणूक नाही, हे नक्की," मुलगी हळूच म्हणाली. "पण शेऱ्याचा रकाना मला रिकामा सोडता येत नाही. काय लिहू?"

त्यांनी शेवटच्या केशरी ठिपक्यावर बोट टेकवलं.

"चूक झाली, असं लिहा," ते म्हणाले. "माझी."