पायाचा दाखला

"पाया भक्कम असून घर कुटुंबासह राहण्यास सर्वथा सुरक्षित आहे," असे तपासनिसांनी दाखल्यात सही-शिक्क्यानिशी नमूद केले होते. घर विकत घ्यायला निघालेल्या गृहस्थांनी तो दाखला दोनदा वाचला आणि खिशातली पेन्सिल जमिनीवर ठेवली. पेन्सिलीने दाखला वाचलेला नव्हता. ती घरंगळत थेट कोपऱ्यात गेली. झोपायच्या खोलीचे दार कितीदाही लोटले तरी आपले आपण उघडत होते. खिडकीखालच्या ताज्या रंगावर त्यांनी बोट टेकवले, तर ते पेरभर भिंतीत शिरले.

"उद्या खरेदीखत, आणि तुमचं आज भिंतींशी भांडण!" बायको वैतागली. "जाणकार माणसानं लिहून दिलंय ना? तुम्हाला काय, दुधातही खडे सापडतील."

गृहस्थांनी वाद घातला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांनी त्या जाणकारांनाच बोलावून घेतले. तपासनीस आले, फाटकाबाहेर थांबले आणि तिथूनच घराकडे पाहून प्रसन्न हसले.

"आत या ना साहेब, भेग दाखवतो."

"नको नको, इथूनच बोलू."

"पण तपासणीच्या दिवशी तरी आत आला होतात ना?"

तपासनिसांनी एकवार छपराकडे पाहिले. मग एक पाऊल मागे सरकून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "छे हो! घरी लहान लेकरं आहेत माझ्या."