नखलेच्या नावाचं तेल

"तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून तुझ्या बापाने तुला पुढे केलं का?" दार उघडताच मुंताहाने भाचीला विचारलं.

नायला हसली नाही. "आत्या, आधी तुझा फोन दे. बाबांनी दोनदा तेल पाठवलं. दोन्ही वेळा परत आलं."

मुंताहा दारातच थबकली. आईचं ऑलिव्हचं रान वाटताना तिने धाकट्या भावाला, नखलेला, सही करून दिली होती. नखले म्हणाला होता, ताई, झाडं माझ्या नावावर, पण दरवर्षी अर्धं तेल तुझं. त्या हंगामात डबा आला नाही, पुढच्याही नाही. मग तिने गावाकडे जाणं सोडलं आणि त्याचा फोन घेणंही सोडलं.

"परत आलं? मी तर डब्याची सावलीसुद्धा पाहिली नाही."

"डबा नाही गं, टोकन." नायला खुर्चीत टेकली. बैरूतच्या बँकांनी पैसे अडकवल्यापासून गावातली माणसं शिल्लक तेलातच ठेवत होती. यंदा नखलेने आपल्या घाण्याच्या नावाने ब्लॉकचेनवर टोकनं काढली होती. एक टोकन म्हणजे त्याच्या टाकीतलं डबाभर तेल.

मुंताहाने तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि शेजारी आपला फोन. "कुवेतहून माझ्या मुलाचे डॉलर येतात की याच फोनवर. नखलेचंच घोडं कुठे अडलं?"

"ते डॉलर एका कंपनीने काढलेले, आणि त्या कंपनीवर भरवसा असल्याचं तुझ्या मुलाने या फोनवर आधीच लिहून ठेवलंय. हे तेल बाबांचं. तिथे कोणीही आपल्या नावाने टोकनं काढू शकतो. पण त्याच्यावर भरवसा आहे असं तू आधी लिहून दिल्याशिवाय ती तुझ्या खात्यात शिरत नाहीत."

नायलाने बापाच्या फोनवर आलेल्या निरोपाचा फोटो आपल्या फोनवर उघडून दाखवला. मुंताहाने चष्मा लावला. 'पाठवता आलं नाही. घेणाऱ्याचा तुमच्यावर भरवसा नाही.'

"बाबांनी हे दोनदा वाचलंय," नायला म्हणाली.

मुंताहाने तिचा फोन तिला परत दिला. मग म्हणाली, "समज, दिलं लिहून. उद्या तो उलटला, तर तुमचं हे ब्लॉकचेन मला तेल काढून देईल?"

"नाही. कोणी शब्द दिला आणि तो आता कोणाकडे आहे, एवढंच तिथे राहतं. ते कोणाला खोडता येत नाही, बाबांनाही नाही. पण तेल टाकीत, आणि टाकीची किल्ली बाबांकडे."

"म्हणजे आम्ही होतो तिथेच."

"हो. फक्त या वेळी बाबा चारचौघांत बोललेत."

मुंताहाला हसू आलं, ते तिने कॉफीच्या कपात लपवलं.

"किती डब्यांपर्यंत भरवसा, तो आकडा घालायचा," नायला म्हणाली. "यंदाचा तुझा वाटा चाळीस डब्यांचा. चाळीस घालू?"

"आण इकडे." मुंताहाने आपला फोन ओढून घेतला आणि स्वतःच्या बोटाने एकचा आकडा लिहिला.

नायलाने बापाला कळवलं. कॉफी संपायच्या आत टोकन आलं.

"आता डबा मिळायला काय करायचं?"

"हे बाबांना परत पाठवायचं. ते पोचलं की टोकन संपतं आणि बाबांना डबा द्यावाच लागतो. पण आत्या, घाई कशाला? भाव वाढेपर्यंत ठेव की."

"मला विकायचं नाही. पाठव."

दुपारी खाली गाडीचा हॉर्न वाजला. वीज नव्हती, लिफ्ट बंद होती आणि मुंताहा राहायची पाचव्या मजल्यावर. नायला दाराकडे धावली, तर आत्याने तिचा दंड धरला.

"चढू दे त्याला."

दोघी दारात ऐकत उभ्या राहिल्या. जड पावलं, मग डबा टेकल्याचा आवाज, मग पुन्हा पावलं. तिसऱ्या मजल्यावर सगळंच थांबलं. मुंताहाने थोडी वाट पाहिली. मग कठड्याला धरून ती खाली उतरली.

नखले पायरीवर बसला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, केस पार पांढरे झालेले. शेजारी डबा. तिला पाहून तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"तू एकच लिहिलास, म्हणून एकच आणला," तो धापा टाकत म्हणाला. "बाकीचे..."

"सगळे एकदम आणलेस तर या जिन्यातच मरशील."

"मग काय करू, ताई?"

"एकेक आण." तिने खाली वाकून डब्याची एक बाजू धरली. "ऊठ. तिकडून तू धर."