तपासणीला सवड

“नवरा गेला, दुःख झालं, साखर वाढली. यात आणखी काय शोधायचंय?” विभागप्रमुख खुर्चीतून उठत म्हणाले.

हाताखालच्या तरुण संशोधिकेने संगणकावरच्या आलेखातली रेघ त्यांना पुन्हा दाखवली. दवाखाने, प्रयोगशाळा, औषधांची दुकानं, सगळीकडून गोळा झालेली अख्ख्या लोकसंख्येची माहिती तिच्या हाताखाली होती. नावं गाळलेली. माणसाच्या जागी नुसता क्रमांक; पण कोण कोणाच्या घरातलं, ते कळायचं. मधुमेही नवऱ्यांच्या बायकांची रेघ वर्षानुवर्षं जमिनीलगत सरपटत होती. नवरा गेला, की वर्षाच्या आत ती ताडकन उभी राहायची. एकामागून एक बायकांना मधुमेह निघत होता.

“सर, बायको गेल्यावर पुरुषांची रेघ अशी उठत नाही. मग त्यांना दुःख होतच नाही म्हणायचं?”

“ते माझ्या बायकोला विचार,” सर हसले. “विधवांसाठी समुपदेशन केंद्रं काढायची, असं वरून ठरत आलंय. उद्या दुपारी अहवाल गेला पाहिजे. तुझं कुतूहल जरा आवर.”

सर जेवायला गेले. तिने घरी फोन लावला. “बाबा, गोळी घेतली? जेवणाच्या आधीची हं, नंतरची नव्हे.” तिकडून होकार आल्यावर तिने पाण्याची बाटली भरून आणली आणि पुन्हा त्या रेघेकडे बघत बसली. डबा उघडायचा राहूनच गेला.

दुःखाने वाढलेली साखर ताजी असणार. ताज्या साखरेने डोळे बिघडत नाहीत. डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचायला तिला वर्षं लागतात. हे सुचताच ती सावरून बसली. नेत्रतपासणीची माहिती वेगळ्या साठ्यात होती. ती आणून तिने या बायकांच्या क्रमांकांशी जोडली. यंत्र बराच वेळ घुमत राहिलं. मग उत्तर आलं.

कितीतरी जणींचे डोळे निदानाच्या वेळीच बिघडलेले होते. आजार जुना होता. नवरा हयात असतानाच तो त्यांच्या अंगात मुक्कामाला होता. तिने त्याच घरांतल्या नवऱ्यांच्या तपासण्या काढल्या. एकही चुकलेली नव्हती. कुणीतरी त्यांना हाताला धरून वेळच्या वेळी नेत होतं, आणि त्या ‘कुणीतरी’चं रक्त मात्र एकदाही तपासलं गेलं नव्हतं.

वैधव्याने या बायकांना साखर दिली नव्हती. स्वतःची तपासणी करायला सवड दिली होती.

तिने सरांना बोलावून दाखवलं. ते उभ्यानेच वाचू लागले आणि वाचता वाचता बसले.

“समुपदेशन राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “पेशंटबरोबर आलेल्या बायकोचंही रक्त घ्या, असंच लिहायला हवं. सकाळी मसुदा दे.”

ती घरी आली ती जमिनीपासून दोन बोटं वरूनच. मसुदा लिहितानाही तिच्या डोळ्यांपुढे एकच बाई होती. तिची आई. बाबांना साखर लागून किती वर्षं झाली, आणि आईचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?

सकाळी नेहमीप्रमाणे तिने बाबांच्या बोटाला सुई टोचली, आकडा बघितला, इन्सुलिन दिलं. मग स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली. “आई, इकडे ये. बोट दे.”

“मला काय धाड भरलीय?” आई ओले हात पुसत आली. पण लेकीचा चेहरा बघून तिने मुकाट्याने बोट पुढे केलं.

आकडा आला. अगदी निर्मळ. तिने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि खरं सांगायचं तर ती किंचित हिरमुसलीही. एवढा मोठा शोध, आणि घरातच लागू पडेना.

“बघ, ठणठणीत आहे मी!” आई म्हणाली. “यांच्यामागे धावायला तू आहेस. मला कसली दगदग?”

बाबांनी टेबलावरचं साखर मोजायचं छोटं यंत्र स्वतःकडे ओढलं. “आता तुझं दे.”

“माझं कशाला? मला उशीर होतोय, बाबा.”

“दे म्हणतो ना.”

बाबांनी आजवर कुणाला सुई टोचली नव्हती. दोनदा नेम चुकला, तिसऱ्यांदा थेंब आला. तिघंही यंत्रावर वाकली.

आकडा बाबांच्या आकड्यापेक्षा मोठा होता.

“मशीन बिघडलं असेल,” बाबा घाईघाईने म्हणाले. तिने साबणाने हात धुतले, नवी पट्टी लावली, दुसरं बोट घेतलं. तोच आकडा, थोडा इकडेतिकडे. आईने जाऊन गॅस बंद केला आणि येऊन तिच्या शेजारी बसली.

“कधीपासून असेल गं हे?”

“माहीत नाही. कुणी बघितलंच नाही.”

बाबांनी तिचं ते टोचलेलं बोट हातात धरून ठेवलं होतं. ती मात्र समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होती. काल त्या रेघेकडे बघत होती, अगदी तशीच.

“अगं, बोल काहीतरी,” आई तिला हलवत म्हणाली. “कसला विचार करतेयस?”

“आई, मी सगळ्या बायका तपासल्या,” ती म्हणाली. “मुली बघितल्याच नाहीत.”