इन्स्पेक्टरबाईंचं बाळंतपण

"अहो, इस्त्री ठेवा खाली! इन्स्पेक्टरबाई पडद्यांवर जाऊन बसल्यात, आणि लक्षण काही ठीक दिसत नाही!"

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यांचं गाठोडं अर्धवट सुटलं होतं आणि त्यात करडी मांजर आडवी पडून धापा टाकत होती. गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरून भांडी हुंगायची, म्हणून त्यानेच तिला हे नाव दिलं होतं. बाई पोटुशी आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं. पण सगळी गल्ली सोडून त्या इस्त्रीच्या दुकानात बाळंत होतील, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पडदे गेले," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आता आपल्यालाच इस्त्री करणार."

"करू दे. तुम्ही आधी टॉवेल आणा."

बायकोने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. जुनी चादर फाडून तिच्यावर इस्त्री फिरवली आणि ती उबदार घडी मांजरीच्या पाठीशी सरकवली. एक पिल्लू आलं, मागोमाग दुसरं आलं. तिसऱ्याच्या वेळी मांजर दमून गेली. पिल्लाच्या अंगावरची पातळ पिशवी तशीच राहिली. नवऱ्याने ती नखाने फाडली, पिल्लाला टॉवेलने खसाखसा चोळलं. ते चिरक्या आवाजात किंचाळलं.

"रडलं बघ!" तो हरखून म्हणाला.

त्यांची मुलगी रडली नव्हती. "आईला दाखवू नका, उगाच जीव अडकतो," असं नर्स म्हणाली होती. तिने बाळ दुपट्यात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलं आणि तो जाऊन पुरून आला. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पुन्हा घरात पाळणा हलला नाही.

ती दिसायला कशी होती, हे बायकोने त्याला कधी विचारलं नाही. आधी धीर झाला नाही, आणि पुढे विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा. तिला त्याची कीव यायची. बिचारा तो चेहरा एकटाच मनात वागवतोय, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा आधारही होता. एखाद्या दुपारी तो इस्त्री उभी करून भिंतीकडे बघत बसला, की तिला वाटायचं, आता तो पोरीलाच बघतोय. मग ती आवाज न करता घड्या घालायची. पोरीचा चेहरा त्याच्यापाशी ठेव म्हणून आहे, धीर झाला की एक दिवस मागून घेऊ, या एका आशेवर तिने एवढे दिवस काढले होते.

चौथं पिल्लू आलं ते हललंच नाही. नवऱ्याने चोळलं, उलटं धरलं, तोंडात फुंकर मारली. त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. शेवटी त्याने हात थांबवले आणि वर्तमानपत्र ओढलं.

"तिच्या लक्षात यायच्या आत घेऊन जातो."

"नाही," बायको म्हणाली. "आधी तिला बघू द्या."

"अगं, उगाच जीव अडकेल तिचा."

"बघू द्या म्हणते ना!"

तिने ते पिल्लू त्याच्या हातून घेतलं आणि मांजरीच्या तोंडाशी ठेवलं. मांजरीने हुंगलं. कानापासून शेपटीपर्यंत चाटलं, पंजाने उलटं केलं आणि पुन्हा चाटलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आपणहून वळली आणि तिन्ही पिल्लांना पोटाशी घेऊन पडली.

बायकोच्या डोळ्यांना धार लागली. एवढंच तर हवं होतं, तिला वाटलं. डोळे भरून एकदा बघायचं, बस.

"अहो," ती म्हणाली, "आपली कशी होती हो दिसायला? नाक कोणासारखं होतं? मला आता सांगा. मी ऐकू शकते."

या वेळी तो उठला नाही. वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहिला, कागद मुठीत मावेल एवढा लहान होईपर्यंत.

"मी नाही बघितली गं," तो म्हणाला. "तुला दाखवली नव्हती. मग मी एकट्यानं कशी बघायची?"