भुताचं पुढे काय झालं?

"अगं, मालिकेचा शेवटचा भाग तू बघ. ती नायिका नवऱ्याच्या भुताला सोडते का, मला येऊन सांग," दवाखान्यात ते म्हणाले होते.

"तिन्हीसांजेला कसली मेली भुतं बघता!" म्हणत ती नेहमी टीव्हीकडे पाठ करून जप करायची.

दहाव्याला घाटावर मुलांची वचनं संपली, तरी कावळा पिंडाला शिवेना. तिने हात जोडले. "बघेन हो. सांगायला येईन." कावळा लगेच शिवला.

आज देवापाशी दिवा लावून ती टीव्हीसमोर बसली. नायिका रडत भुताला म्हणाली, "जा आता. मोकळे व्हा." भूत हसलं आणि विरून गेलं.

'नाही सोडत हो ती,' असंच त्यांना सांगावंसं वाटलं. पण खोटं बोललेल्या तोंडाने जप कसा करायचा?

डोळे पुसून तिने चपला घातल्या आणि ती घाटाकडे निघाली.